मूळ कागदाला कात्री

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात नंबर लागेपर्यंत मास्तरांना इतरांचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. शेजारी एक तरुणी आणि शिवणकामात केस पिकलेल्या एक मावशी बोलत बसल्या होत्या.

"जाकीट काय चपखल बसलंय गं! कुठं शिकलीस?"

"आईच्या कटिंगच्या कागदांवरून. शिवणक्लासात तिने कापलेले, चाळीस वर्षांपूर्वीचे."

"म्हणजे आईनेच शिकवलं."

"ती म्हणायची, बस जरा माझ्याजवळ. मी म्हणायची, रेडिमेड मिळतं सगळं. ती गेल्यावर शहाणपण सुचलं."

"पण कागद तिच्या मापाचे असतील ना?"

"हो, कमरेत चार इंच जास्त. मग कापून माझ्या मापाचे केले."

"अगं बाई! मूळ कागदाला कात्री लावलीस? आधी दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचं असतं!"

"मला कोण सांगणार होतं, मावशी?"

"कापलेल्या कडा तरी ठेवल्यास?"

"केरात गेल्या."

"बरं, तिचा एखादा जुना कपडा आण. त्यावरून माप काढून देते मी."

"कपडे पहिल्याच महिन्यात वाटले. ताई रडत होती, एक तरी ठेव म्हणून. मीच म्हटलं, कशाला? आईचं माप आहे की कागदावर."