नळ्यांची खोप आणि वळणावरची गिट्टी

नाना, माई, आणि इथं आलेले सगळे जण.

माईक हातात घेतला तेव्हा वाटलं, तिचं नाव घेऊन सुरुवात करावी. पण तिच्या नावाआधी आता जो शब्द लावायचा असतो, तो माझ्या तोंडातून निघत नाही. म्हणून मी नुसतं प्रांजली म्हणते. तुम्ही समजून घ्या.

मी वर्षा. धामणगाव बढ्याची. प्रांजली आणि मी अमरावतीला आर्किटेक्चरला एका वर्गात होतो. नंतर इथं मेहकरात, बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दोघींनी मिळून ऑफिस टाकलं. आता जिना चढून लोक येतात आणि विचारतात, मॅडम आहेत का? मी समोर बसलेली असते. तरी विचारतात. त्यांचं चूक नाही. त्यांच्या मनातली मॅडम तीच होती.

माझ्या आधी चार-पाच जण बोलले. तिला जिल्ह्याचं भूषण म्हणाले. लेक म्हणाले. ऐकायला बरं वाटलं. पण ती जिवंत असताना यातलं एकही वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी रोज तिच्यासोबत होते, मला आठवलं असतं. मला आठवतं ते वेगळंच. "नकाशाचे काय पैसे घेता मॅडम, अर्ध्या तासाचं काम आहे." हे आठवतं. आणि ती पुण्याच्या स्पर्धेवरून परत आली तेव्हा चहाच्या टपरीवर एकानं विचारलं होतं, "काऊन वो मॅडम, तुमची नळ्यायची झोपडी पडली म्हणे?"

त्या झोपडीचंच मला आज सांगायचं आहे. कारण तिथं काय झालं ते गावाला अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवटच बोललं गेलं.

ती नव्या, तरुण आर्किटेक्ट लोकांची स्पर्धा होती. नुसता आराखडा पाठवून चालत नाही. निवड झाली की तिथं जायचं आणि स्वतःच्या हातानं ती वस्तू उभी करायची. घर नाही, दुकान नाही. शिल्पासारखं काहीतरी, पण ज्याच्या आत माणसाला जाता येईल, बसता येईल. महिनाभर ते मैदानावर उभं राहणार, मग काढून टाकायचं.

आम्ही नाव दिलं तेव्हा नाना लेकीला म्हणाले होते, "बाई, एवढी शिकली, अन् महिनाभर टिकनारं काम करून राह्यली?"

ती म्हणाली, "नाना, लग्नाचा मांडव एका दिवसाचा असते. तो वऱ्हाडाच्या अंगावर पडला तर चालते का?"

नाना हसले होते. नाना, तुम्हाला आठवतं. मी तिथं होते.

तिच्या डोक्यात ठिबकच्या नळ्या होत्या. आपल्याकडे जुन्या झाल्या की धुऱ्या-बांधावर पडून राहतात, कोणी जाळतं, कोणी भंगारात देतं. साखरखेर्ड्याच्या शेतांमधून आम्ही त्या गोळा केल्या. लोक म्हणायचे, "न्या बापा, कचराच हाय तो." पिकअप भरून त्या काळ्या नळ्या आम्ही पुण्याला नेल्या. बांबूच्या कामट्या वाकवून तिनं कमानी केल्या आणि त्यांवर त्या नळ्या विणल्या, टोपली विणतात तशा. वरून थोडं थोडं पाणी सोडलं की नळ्यांच्या छिद्रांतून ते ठिबकायचं, बाहेर ऊन असलं तरी आत गारवा यायचा. शेतात राखणीची खोप असते ना, तशी दिसायची. पण अशी खोप मी कुठं पाहिली नव्हती. आत गेलं की आभाळ जाळीतून दिसायचं. बाकीच्या संघांतली मुलं आपलं काम सोडून आमच्याकडं येऊन बसायची.

मैदान एका कॉलेजचं होतं, तिथं खड्डा करायला परवानगी नव्हती. म्हणून खोप जमिनीत रोवलेली नव्हती. मुरमानं भरलेल्या पोत्यांना दोरांनी बांधून तोलून धरली होती. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला. सकाळी जाऊन पाहतो तर एका बाजूची पोती सरकलेली. ठिबकणारं पाणी त्यांच्या खाली गेलं होतं, जमीन मऊ झाली होती. खोप उभीच होती. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मलाही लगेच कळलं नाही. तिनं कमानीला हात लावला, थोडं ढकललं, आणि म्हणाली, "वर्षे, ही एका बाजूनं उचलून राह्यली."

तिनं दाराला आडवी दोरी बांधली. तिची लाल ओढणी होती, ती त्या दोरीवर टाकली. म्हणाली, कोणी आत जायचं नाही.

तेवढ्यात संयोजक आले. घाईत होते. पाहुणे फाटकाशी पोचले होते. ते म्हणाले, मॅडम, दोन मिनिटं आत उभे राहतील, एक फोटो होईल, मग तुम्ही दिवसभर दुरुस्ती करा.

ही म्हणाली, "फोटो बाहेरून काढा."

ते म्हणाले, इतकी मजबूत दिसतेय, काय होणार आहे?

ही म्हणाली, "काही होणार नाही बहुतेक. पण 'बहुतेक'वर मी माणसं आत पाठवणार नाही."

पाहुणे आले. त्यांच्यामागं गर्दी, कॅमेरे. आणि ही दाराशी उभी. मातीनं भरलेले कपडे, केसांत काथ्या. तिनं हात जोडले. म्हणाली, "साहेब, माफ करा. आज आत नाही येता येणार. संध्याकाळी या, चहा पाजते." पाहुणे हसले आणि पुढच्या संघाकडं गेले. संयोजकांनी आमच्याकडं जे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

दुपारभर आम्ही पोती वाढवली, खाली फळ्या टाकल्या, पाण्याला वाट काढून दिली. मग तिनं बाकीच्या संघांतली मुलं बोलावली आणि कमानींना लटकायला सांगितलं. सगळी एकदम लटकली. खोप हलली नाही. तेव्हा तिनं ओढणी सोडली.

निकालात आमचं नाव नव्हतं. परीक्षक म्हणाले, रचना सुंदर आहे, पण ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही. बरोबर होतं ते. नियम होता. तिनं कुरकुर केली नाही. परतीच्या गाडीत तिनं मला एवढंच विचारलं, "तुला राग आला का माझा?" मी म्हटलं, हो, थोडा आला. मग आम्ही दोघी झोपलो.

महिनाभर ती खोप तिथं होती. बाजूला भाजीबाजार होता. दुपारी भाजीवाल्या बाया आत येऊन डबे खायच्या. पोरं खेळायची. कुणाला काही झालं नाही. आणि काही झालं नाही, म्हणून तिनं काय केलं ते कुणाला कळलंही नाही. मंडळी, जे काम नीट केलेलं असतं ते दिसतच नाही. फक्त न केलेलं दिसतं, तेही उशिरा.

महिना संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो आणि ती काढली. एकेक गाठ तिनं स्वतः सोडली. पोती रिकामी केली, मुरूम भरून परत नेला, मैदान झाडलं. कॉलेजचा शिपाई म्हणाला, इथं काही होतं असं वाटत नाही. ती खूश झाली. बक्षीस मिळालं असतं तर झाली असती, तेवढी खूश झाली.

आणि गावात काय पोचलं? पाहुण्याला आत येऊ दिलं नाही. हारली. झोपडी पडली. टपरीवरच्या त्या माणसाला तिनं उत्तर दिलं होतं, "पडली नाही भाऊ. उकलली." तो हसला. तो आज इथं बसला आहे. मी नाव घेणार नाही.

आता मला त्या संध्याकाळचं बोलावं लागेल. माई, तुम्हाला नको असेल तर आत जाऊन बसा. मी थांबते.

बरं.

ती साखरखेर्ड्याहून येत होती. एका घराचा पाया भरायचा होता, तो पाहायला गेली होती. दिवेलागणीची वेळ. आपल्या रस्त्याचं काम चालू आहे, चालू म्हणजे बंद आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वळणाच्या पुढं अर्ध्या रस्त्यावर गिट्टीचा ढीग टाकलेला होता. पाटी नाही. पिंप नाही. चार दगडं मांडून चुना फासायचा, तोही नाही. एक लाल चिंधी नाही. समोरून ट्रक आला, त्याचा उजेड डोळ्यांवर, आणि हिची स्कूटी ढिगात गेली.

ठेकेदाराची माणसं म्हणाली, काम तात्पुरतं थांबवलं होतं, ढीग तात्पुरता होता.

तात्पुरता.

हा शब्द तिच्यासमोर वापरून पाहायला हवा होता. ज्या मुलीनं महिनाभराच्या नळ्यांसाठी दारात उभं राहून मोठ्या माणसाला परत पाठवलं, तिला सांगायला हवं होतं की ढीग तात्पुरता आहे, म्हणून त्याला पाटी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं ढीग नव्हता. रस्ता झाडलेला होता. इतकं स्वच्छ काम त्या रस्त्यावर आधी कधी झालं नव्हतं. आणि पोलिसांच्या कागदावर काय लिहिलं? गाडी वेगात होती. तुम्ही सगळ्यांनी तिला स्कूटी चालवताना पाहिलं आहे. सायकलवाली पोरं तिच्या पुढं निघून जायची. माई तिला म्हणायच्या, "अवं, पायी तरी लवकर येशीन."

थोड्या वेळापूर्वी भाऊसाहेबांनी जाहीर केलं. भाऊसाहेब आपल्यात मोठे आहेत, सगळ्यांच्या सुखदुःखाला येतात. त्यांनी जाहीर केलं, की त्या वळणावर प्रांजलीच्या नावानं सिमेंटची मोठी कमान उभी करू. खर्च ठेकेदार स्वतःहून करणार आहेत. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, शोकसभा आहे म्हणून. पण मान हलवल्या. मी पाहिलं.

भाऊसाहेब, तुमचा मान ठेवून सांगते. ती कमान नको.

नाही, बसा तुम्ही. माझं झालं की बोला. हो, श्रद्धेनंच म्हटलं तुम्ही. मी कुठं नाही म्हणते? पण ही माझी एकटीची गोष्ट नाही. काल संध्याकाळी हा विषय कानावर आला तेव्हा मी नानांना विचारलं. ते म्हणाले, "तिचं नाव तिथं नको लावू देऊ, पोरी. रोज खालून जा लागन मले."

मग मी विचारलं, नाना, तुम्हाला काय पाहिजे?

तर ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल, दाखवतो."

मंडळी, त्या वळणाच्या पुढं, नाल्याच्या अलीकडं, अजून एक ढीग आहे. तसाच. अर्ध्या रस्त्यावर. प्रांजली गेली, तिचा दहावा झाला, तेरावा झाला, तो ढीग तिथंच आहे. आणि त्याच्यापुढं दगड मांडलेले आहेत, चुना लावलेले. मला वाटलं ठेकेदारानं मांडले. तर ते नानांनी मांडलेत. नाना रोज संध्याकाळी तिथं जाऊन राह्यले. गाड्यांनी दगड उधळले की पुन्हा लावतात. चुना धुतला गेला की पुन्हा फासतात. घरात सांगत नाहीत. माई, तुम्हालाही आत्ताच कळतंय, मला माफ करा.

ज्यानं मुलगी गमावली, तो त्या रस्त्यावर दगड मांडतोय. आणि आपण इथं कमानीचा रंग कोणता ते ठरवतोय.

भाऊसाहेब, ठेकेदार तुमचा फोन उचलतात. आमचा नाही उचलत. तर हा मांडव सुटायच्या आधी, इथूनच, सगळ्यांसमोर, एक फोन करा. तो ढीग आज उजेड असताना उचला म्हणावं. नसेल होत, तर पाटी आणि दिवा लावा म्हणावं. आणि तेही नसेल होत, तर नानांच्या जागी आज संध्याकाळी तिथं कोण जाणार, ते आपण ठरवू. मी जाणार आहे. नाना आज घरी बसतील.

अजून एक बोलते आणि थांबते. ज्या ढिगात ती गेली, तो दुपारपासून तिथं होता. आज आलेल्यांतले कितीतरी जण त्या दुपारी त्या रस्त्यानं गेले होते. कोणी बाजारातून, कोणी शाळेतून, कोणी शेतातून. तुम्ही ढीग पाहिलात. वळसा घातलात. मनातल्या मनात ठेकेदाराला शिवी दिलीत आणि घरी आलात. कोणी कोणाला काही बोललं नाही. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. नाही, खोटं कशाला बोलू, दोष देण्यासाठीच म्हणते आहे.

आता सगळ्यांनी उभं राहावं. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी बसूनच हात जोडावेत. प्रांजलीसाठी आपण दोन मिनिटं शांत राहू. माझं मागणं एकच आहे. ही शांतता दोन मिनिटांनी संपू द्या.