चिखल्यांचं मलम आणि खैरीटोल्याचे वाटे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाचे आदरणीय प्राचार्य, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आणि दोन दिवसांत आपल्याला सोडून नागपूरला निघालेल्या डॉ. रीता बोरकर, संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, धानाची कापणी मागे ठेवून खैरीटोल्याहून आलेल्या इंदुताई आणि त्यांच्यासोबतच्या मायबहिणी, उपस्थित पालक, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत बसून भाषणापेक्षा समोशांच्या वासाकडे जास्त लक्ष असलेले माझे विद्यार्थी मित्रहो,

आपणा सर्वांना सुलताना शेखचा नमस्कार. सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना बरीच विशेषणं खर्च केली. खरी ओळख एवढीच की आमच्या अब्बांचं इथे चिमूरच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं, आणि मी या महाविद्यालयात मुलांना औषधशास्त्र शिकवते. डॉ. बोरकर मॅडमच्या संशोधन केंद्रातल्या इंटर्नशिपची जबाबदारी माझ्याकडे होती. ‘होती’ म्हणताना जीभ अडखळते, पण आता तसंच म्हणावं लागणार.

निरोप समारंभात दोन शब्द चांगले बोलायचे असतात. निरोप कोणाचा, हे मात्र पत्रिकेवर जरा झाकून लिहिलं आहे. ‘इंटर्नच्या तुकडीस व डॉ. बोरकर यांना निरोप.’ मंडळी, निरोप केंद्रालाच आहे. ही शेवटची तुकडी. उद्यापासून केंद्राच्या त्या दोन खोल्यांना कुलूप लागेल. अध्यक्ष महोदय, मी हे उघड बोलले म्हणून रागावू नका, गावात सगळ्यांना माहीत आहे.

पालकांपैकी काहींनी मला आज दारातच विचारलं, ‘मॅडम, पोरं तिथी करत काय होते?’ रास्त प्रश्न आहे. एखादं औषध खरंच लागू पडतं का, हे माणसांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, नीट तपासून पाहणं म्हणजे क्लिनिकल रिसर्च. आणि ते सगळं रुग्णाला, डॉक्टरला, सरकारला समजेल अशा भाषेत लिहिणं म्हणजे मेडिकल रायटिंग. ही कामं पुण्या-हैदराबादकडच्या काचेच्या इमारतींत होतात, अशी आपली समजूत. डॉ. बोरकर मॅडमनी ती इथे, आपल्या पदवीच्या मुलांच्या हाती दिली. त्यासाठी त्यांनी नागपुरात किती दारं ठोठावली, ते त्या सांगणार नाहीत. त्यांचा स्वभावच तसा.

पहिला अभ्यास होता चिखल्यांवरच्या मलमाचा. आता चिखल्या म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर पाण्यात उभ्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी परत धानाच्या बांधीत उतरायचंच. एका कंपनीने नवं मलम केलं होतं, आणि केंद्राचा खर्चही तीच देत होती. खैरीटोल्यातल्या काही बायांना ते द्यायचं, काहींना तसंच दिसणारं साधं मलम द्यायचं, आणि फरक पडतो का ते बघायचं. इथे जमलं की पुढचा टप्पा भामरागडकडचा. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद होतात, बाईला दवाखाना गाठता येत नाही. म्हणून डॉक्टर मॅडमचा त्या टप्प्यावर जीव होता.

कंपनीकडून माहितीपत्रक आलं. मराठीत होतं म्हणे! ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप करण्यात येईल.’ मी स्वतः दोनदा वाचलं आणि चहा मागवला. ते सोपं करायचं काम आलं दिव्यानीकडे. दिव्यानी मुखरू नन्नावरे. उभी राहा गं जरा. लाजू नकोस, आज तुझाच दिवस आहे.

दिव्यानी लिहायची कशी, ऐका. रोज संध्याकाळी मजकूर घरी न्यायचा आणि वडिलांना वाचून दाखवायचा. मुखरूभाऊ दिवसभर शेतात राबलेले, खाटेवर आडवे. दुसऱ्या वाक्याला घोरायला लागले की ही समजायची, वाक्य बिघडलं. पुन्हा लिहायची. असं करत करत एक दिवस ते उठून बसले. वाक्य होतं, ‘काही बायांना औषधाचं मलम मिळेल, काहींना साधं. कोणाला कोणतं मिळालं, हे आम्हालाही माहीत नसेल.’ मुखरूभाऊ म्हणाले, ‘तुमालेई माईत नाई? मंग इतकी फी भरून तुमी शिकून काय राह्यल्या वो?’

हसा, हसा. मुखरूभाऊही हसतायत बघा. पण त्या दिवशी आम्हाला कळलं की पत्रक जमलं. माणूस उठून बसून प्रश्न विचारतो, म्हणजे त्याला समजलं. डॉक्टरांनी वरच्या समितीची मंजुरी आणली, आणि ते पत्रक खैरीटोल्यात समाजमंदिराच्या ओट्यावर वाचलं गेलं. बायांनी शांतपणे ऐकलं, शंका विचारल्या, संमती दिली आणि मलमाच्या ट्यूब घरी नेल्या. मी तर वर्गात सांगत सुटले की असं पत्रक मोठमोठ्या शहरांत निघत नाही. अजूनही माझं तेच मत आहे.

मग काय बिनसलं?

त्याआधी खैरीटोल्याची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की सगळं गाव मिळून मासोळी धरतं. ती मासोळी काठाच्या पाळीवर ओततात आणि जितकी घरं तितके वाटे घालतात. कोण किती वेळ पाण्यात होतं, कोणाच्या जाळ्यात किती लागली, हिशेब नाही. ज्या घरातला माणूस आजारी आहे, जी बाई एकटी आहे, जिच्या घरून कोणी आलंच नाही, तिचाही वाटा पडतो. या रीतीचा गावाला गर्व नाही की कौतुक नाही. श्वास घेण्याचं कौतुक कोणी करतं का?

तर रोवणी चालू होती, आणि दिव्यानी आणि तिच्याच वर्गातला नबील असे दोघं पाय तपासायला गेले. नबीलच्या घरी वेल्डिंगचं दुकान, त्यामुळे मोटरसायकल त्याची आणि ती चिखलातून काढायची कलाही त्याची. बघतात तर सगळ्याच बायांचे पाय सारखे सुधारलेले. दिव्यानीने सहज ट्यूब मागितल्या, तर सगळ्यांच्या रिकाम्या. इंदुताई खुशीत होत्या. त्या रोवणीच्या टोळीच्या मुकादम. आपण काय केलं, ते त्यांनी स्वतः सांगितलं, झाकलं काहीच नाही.

इंदुताई म्हणाल्या, ‘तूच त सांगतलं ना पोरी, कोनाले खरं भेटन, कोनाले साधं. मंग जिले साधं भेटलं तिनं काय पाप केलं? आमी साऱ्या ट्यूबा परातीत पिळल्या, हातानं कालवल्या, अना डब्याडब्यायत सारख्या वाटून देल्या. आता साऱ्यायले थोडं थोडं खरं भेटलं.’

मंडळी, दिव्यानीने लिहिलेलं त्या बायांना समजलं नसतं, तर हे घडलं नसतं. त्यांनी मुकाट्याने आपापली ट्यूब लावली असती आणि अभ्यास सुरळीत पार पडला असता. तिने इतकं चांगलं लिहिलं, की गावाला त्यातला अन्याय दिसला, आणि गावाने तो आपल्या रीतीने दुरुस्त केला. या गोष्टीवर हसावं की रडावं, हे मला आजवर कळलेलं नाही.

परतताना नबीलने गाडी थांबवली. तो काय म्हणाला, हे त्याच्या परवानगीने सांगते. ‘दिव्यानी, हे लिवू नोको. पाय बरे झाले, बस झालं. लिवलं त केंद्र बंद होईन, आपली इंटर्नशिप अर्धी राहीन, अना तुही हैदराबादची नोकरी बी जाईन.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. हैदराबादच्या एका कंपनीने तिचं लेखन बघून तिला बोलावलं होतं. अट एकच, इंटर्नशिप पूर्ण झालेली हवी. मुखरूभाऊंनी तर गावभर सांगून टाकलं होतं.

दिव्यानी म्हणाली, ‘नाई लिवलं, त कंपनी समजन का खऱ्या अना साध्या मलमात फरकच नाई. मंग मलम कामाचं असलं तरी भामरागडच्या बाईले भेटनार नाई. थे बाई पान्यात उभी राहून पाय सडवत राहीन, अना थेबी आपल्या खोट्या कागदानं. तिले आपन कुठी शोधाले जाऊ?’

नबीलने गाडी चालू केली आणि थेट डॉक्टरांच्या दारात उभी केली. जे घडलं ते दोघांनी जसंच्या तसं लिहून दिलं. डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मी तिथेच होते. त्या एवढंच म्हणाल्या, ‘हे वर पाठवावं लागेल, मुलांनो.’ आणि पाठवलं. त्या वेळी तिथे असलेल्या आम्हा चौघांपैकी कोणालाही ते दाबता आलं असतं. कोणी दाबलं नाही, याचा मला अभिमान आहे. पण अभिमानाने केंद्राचं कुलूप टळत नाही.

कंपनीने अभ्यास रद्द केला. तो त्यांचा हक्कच आहे. कालवलेल्या मलमातून कोणता निष्कर्ष काढणार? तक्रार माझी वेगळी आहे. त्यांनी कारण दिलं की ‘येथील लोक अशा अभ्यासासाठी योग्य नाहीत.’ योग्य नाहीत? शहरात माणूस दवाखान्यात जातो, पुढ्यात आलेल्या दहा पानांवर न वाचता सह्या करतो, तो योग्य. आणि जिने प्रत्येक ओळ ऐकली, तिचा विचार केला, शेजारणीची काळजी केली, ती अयोग्य? अध्यक्ष महोदय, माझा आवाज चढला असेल तर घंटी वाजवा, मी थांबणार नाही, पण आवाज खाली घेईन.

नुकसान मात्र खरं आहे, आणि ते मला गोड शब्दांत गुंडाळायचं नाही. ते मलम चांगलं होतं का? कोणालाच ठाऊक नाही. खैरीटोल्याच्या बायांचे पाय औषधाने बरे झाले, की साध्या मलमाच्या ओशटपणाने, की उघडीप मिळाली म्हणून, हे आता कधीच कळणार नाही. भामरागडचा टप्पा कागदावरच राहिला. पुढच्या वर्षी आमची मुलं इंटर्नशिपसाठी नागपूरला खोली घेऊन राहू शकली तर जातील, नाही तर राहतील. नबील ऊर्जानगरच्या एका औषधाच्या दुकानात लागला आहे. दिव्यानीची इंटर्नशिप अर्धी राहिली आणि हैदराबाद हुकलं. तिला मी विचारलं, पुढे काय? म्हणाली, ‘बघू, मॅडम.’ इतक्या हुशार मुलीच्या तोंडून ‘बघू’ ऐकताना शिक्षकाला काय वाटतं, हे शिक्षकांनाच विचारा.

गेल्या आठवड्यात निमंत्रण द्यायला आम्ही खैरीटोल्याला गेलो. इंदुताईंनी धान कापता कापता विळा खाली ठेवला आणि विचारलं, ‘मॅडमबाई, आमच्याच्यानं पोरीचं नुकसान झालं म्हंते. खरं हाय का?’ मी खोटं बोलणार होते, पण शेजारी दिव्यानी उभी. मी हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘अना भामरागडले जानार होतं म्हंते, थे मलम?’ मी म्हटलं, आता नाही जाणार.

इंदुताई बांधावर बसल्या. मग म्हणाल्या, ‘कोनाले देऊ नोका, असं त्या कागदात होतं. आमी ऐकलं होतं. पन काऊन देऊ नोका, ते नव्हतं लिवलं. भामरागडच्या बायाबी याच्यात हायेत, हे कोनं सांगतलं असतं, त आमी परातीले हात लावला नसता.’ आणि डोळ्याला पदर लावला. दिव्यानी त्यांच्याजवळ बसली. दोघी एकमेकींची समजूत घालत होत्या, आणि दोघींचीही पटत नव्हती.

हे ‘का’ सांगणारं वाक्य कंपनीच्या मूळ पत्रकात नव्हतं, म्हणून मराठीतही आलं नाही. आज सकाळी दिव्यानी माझ्याकडे आली आणि तिने एक कागद पुढे केला. ते राहिलेलं वाक्य तिने लिहून आणलं होतं. मी म्हटलं, अगं, आता हे कोण छापणार? केंद्राला तर उद्या कुलूप. ती म्हणाली, ‘इंदुमावशीनं विचारलं होतं ना, मॅडम.’ तिच्या परवानगीने वाचते.

‘तुमचं मलम तुमच्याच पायाला लावा, शेजारणीच्या मलमात मिसळू नका. तुम्हाला हे कठोर वाटेल. पण तुम्ही ते वेगळं ठेवलंत, तरच खरं औषध कोणतं ते कळेल, आणि ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही, तिच्या घरीही तिचा वाटा पोचेल.’

मुखरूभाऊ, तुम्ही जागे आहात ना? मग वाक्य जमलं म्हणायचं.

आता आवरतं घेते. डॉ. बोरकर मॅडम, तुम्ही आमच्या मुलांच्या हाती खरं काम दिलंत, त्याचं ऋण या गावावर राहील. नबील, त्या दिवशी गाडी वळवून घरी नेली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार. दिव्यानी, तुला पूर्ण प्रमाणपत्र देणं माझ्या हातात असतं तर आज या शालीऐवजी तेच दिलं असतं. नाही देता आलं, याचं वाईट वाटतं, आणि वाटत राहील. इंदुताई, तुम्ही आलात, आमच्यावर राग धरला नाहीत, तुमचेही मनापासून आभार. आयोजकांनी मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांचे आभार आणि समोसे गार झाल्याबद्दल दिलगिरी.

बोलण्याच्या ओघात माझ्याकडून कोणाचा मान राहिला नसेल, एखादा शब्द लागला असेल, तर सांभाळून घ्या. चुकलं असेल तर मला जरूर सांगा. आणि काऊन चुकलं, तेही सांगा.

धन्यवाद.