लंगडी बकरी खिडकीकडे

कमलाबाई : हा मायावाला गालिचा नाईच, रत्नदीप. घराची किल्ली ठेव टेबलावर, मंग बोल.

रत्नदीप : घे, ठेवली. अवो मामी, धुवून आणला मी, बदलून नाई. मामानं इराणातून आणला तोच हाय.

कमलाबाई : मामाचं नाव घेऊ नको. त्यायचा गालिचा लालबुंद होता. हा पाह्य, कसा काळपट दिसून राह्यला! धुतल्यावर उजळते का काळं पडते?

रत्नदीप : तेच मले बी समजून नाई राह्यलं.

कमलाबाई : तुले काऊन समजन! नागपूरचा तो धुणारा 'विकता का' म्हणे. तूच सांगतलं ना फोनवर?

रत्नदीप : मनात पाप असतं तं सांगतलं असतं का? उलटून पाह्य, मागून बी हातच्या गाठी दिसते. अन् हे लंगडी बकरी? विणणारी बाई चौथा पाय विसरली म्हणून मामा किती हसे!

कमलाबाई : बकरीचा फोटो तूच काढून नेलता. नक्कल करणाऱ्याले काय, तो पाच पायाची बी विणन. अन् बकरी दाराकडं राहे, खिडकीकडं कशी गेली?

रत्नदीप : दाराकडची बाजू पायानं झिजली, फिरवून टाका म्हणे धुणारा. मामी, आई गेली तवापासून तुया हातचं जेवलो. मी मामाची वस्तू चोरन?

कमलाबाई : सरक. सोताच पाहतो मी त्या बकरीले.

(कमलाबाई खिडकीपाशी जाऊन वाकतात. उठताना दाराकडे पाहतात आणि तशाच थांबतात.)

रत्नदीप : काय झालं?

कमलाबाई : रत्न्या... इथून तं लाल दिसते.

रत्नदीप : लाल?

कमलाबाई : लालबुंद. तोच.

रत्नदीप : थांब, हात फिरवून पाहतो... इकडून गुळगुळीत, तिकडून खरखर. मांजरीच्या पाठीसारखं. लोकर एकीकडं झुकली हाय, मामी. एका बाजूनं उजळ, दुसरीकडून काळपट. मी गालिचा फिरवला, अन् तू पाहतं दाराकडच्या बाजेवरूनच.

कमलाबाई : बाई गं! इतक्या वर्सात इकडून कधी पाह्यलंच नाई मी.

रत्नदीप : देतो फिरवून पयल्यासारखा.

कमलाबाई : राहू दे रे तो. चुकली मी, बापा. लय वंगाळ बोलली. बस, चहा ठेवतो. ते किल्ली टाक खिशात आधी.

रत्नदीप : असू दे टेबलावर, मामी. आता बेल वाजवूनच येत जाईन.