नंदाचा हरवलेला पेपर

तुम्हाला सांगतो, आमची नंदा बी.ए.चे सगळे पेपर देऊन आली आणि निकालात इतिहासाला गैरहजर! पोरीचं वर्ष जाणार, म्हणून घाटकोपरचं खिळे-स्क्रूचं दुकान बंद करून मी विद्यापीठ गाठलं.

क्लार्क म्हणाला, "शेठ, विद्यापीठ जुनं, कॉलेजं वाढली, माणसं तेवढीच. गठ्ठे कोण उपसणार? ऑक्टोबरला पुन्हा बसवा ना तिला."

"तिला कशाला? मीच बसतो," म्हणत मी त्याच्या दारातच मांडी घातली. "पेपर मिळेपर्यंत उठणार नाही."

चार वाजता पेपर सापडला, भलत्याच सेंटरच्या गठ्ठ्यात. बासष्ट मार्क!

क्लार्क फणकारला, "शिकलात किती हो?"

"चौथी. पण दुकानात खिळा सापडला नाही, तर गिऱ्हाईक आलंच नव्हतं असं आम्ही म्हणत नाही."