तेल प्यालेला ब्रेक

हसू नका, पण दसऱ्याला सकाळी मी सायकलसकट मक्याच्या रानात शिरलो. कॅनॉलच्या उताराला दोन्ही डिस्क ब्रेक गच्च दाबले, तरी गडी थांबायचं नाव घेईना!

जळोचीचे आमचे सायकलवाले युनूसभाई लिव्हर दाबून बघत म्हणाले, "लिव्हर कडक हाय, म्हंजी आतलं तेल जाग्यावर हाय. भाईरनं कुणी तेल लावलं का?"

"डिस्कला तेल कोण लावंल?"

त्यांनी ब्रेकपॅड काढून नाकाला लावला. "खोबरेल हाय."

घरी फोन केला, तर आमचे वडील, आबा, खुशीत म्हणाले, "काल खंडेनवमीला ट्रॅक्टर पुसला, नांगर पुसला. तुझ्या सायकलीनं काय घोडं मारलंय? चाकातली तबकडी कशी चकाकती बघ!"

युनूसभाईंनी नवे पॅड बसवले आणि डिस्क स्पिरिटनं लख्ख पुसून दिली. ब्रेक एका बोटावर लागायला लागला. घरी आलो, तर आबा हार घेऊन दारातच उभे. सायकलीला हार घालायला वाकले, वास आला, अन् तसेच मागं सरले.

"सणाच्या दिवशी तिला तेल चालत न्हाय, आन् दारू चालती व्हय रं?"