‘कारण’ या शब्दापुढची रिकामी जागा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या बाई आणि समोर बसलेल्या परिचारिका भगिनींनो, विद्यार्थिनींनो,

परिचारिकेच्या निरोपाला पेशंटनं बोलावं, हे जरा वेगळंच. हातात काठी आहे, तेव्हा माइक स्टँडवरच राहू द्या. मी निवृत्त शिक्षिका. जन्मभर मुलांची वाक्यं तपासली. पण एका चुकीच्या वाक्यानं माणूस जाऊ शकतो, हे मला तुमच्या वॉर्डात कळलं.

काही वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या गोष्टी चालल्या होत्या आणि एका सकाळी मला एकाएकी भीती वाटू लागली. कशाची? तेच तर सांगता येईना! छातीत धडधड, आडवं व्हायचा धीर होईना. पलंगाची कड घट्ट धरून बसले. खिडकी, सलाइनची बाटली, सगळं रोजचंच. तरी वाटे, आता काहीतरी होणार.

सूनबाई म्हणाली, "आई पहिल्यापासूनच भित्र्या. झुरळ दिसलं तरी शेजारपाजार गोळा करतात." खरंच आहे ते! मीही हसले. हसताना मला धाप लागली, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिकाऊ सिस्टरनं केअर प्लॅनमध्ये, म्हणजे माझ्या शुश्रूषेच्या कागदावर, लिहिलं : "भीती. कारण : भित्रा स्वभाव." तेवढ्यात बाई राउंडला आल्या. वाचून थांबल्या.

"पुरावा?"

"मॅडम, त्यांच्या सूनबाईच म्हणाल्या."

"सूनबाईंना ॲडमिट केलंय का आपण?"

वॉर्ड हसला. बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"काकू, अशी भीती याआधी कधी वाटली होती?"

"नाही हो. झुरळाची वेगळी. ही आतून येतेय."

"पाय दुखतोय?"

"पोटरी दुखतेय, कालपासून. म्हटलं, चालवलं म्हणून असेल."

बाईंनी दोन्ही पोटऱ्या निरखल्या, श्वास मोजले, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्यांचा चेहरा बदलला आणि माझी पाचावर धारण बसली.

"ऑक्सिजन लावा! डॉक्टरांना बोलवा, आत्ता!" मग त्या पोरीला म्हणाल्या, "लिही. शरीराला प्राणवायू कमी पडतोय. पुरावा : धाप, निळसर ओठ, जिवाची घालमेल."

"आणि कारण, मॅडम?"

"अजून कळलेलं नाही, असं लिही. रोगाचं नाव डॉक्टर ठरवतील. पण तिथं स्वभाव लिहिलास, तर पुढचं कुणी शोधायलाच जाणार नाही."

पोटरीतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. थोडा उशीर झाला असता तर... असो. ती शिकाऊ मुलगी आज तुमची वॉर्ड सिस्टर आहे. 'काकू, हे सांगाच' असं तिनंच मला बजावलंय.

बाई, तुम्हाला निवांतपणा लाभो, असं तोंडानं म्हणतेय. मनातून मात्र तुमचा हात सोडवत नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. वॉर्ड हाच, आणि तुम्ही नसाल.

म्हणून मुलींनो, मागणं एवढंच : मी घाबरले, तर घटकाभर जवळ बसा, विचारा. उत्तर मिळेपर्यंत कारणाची जागा रिकामी राहिली तरी चालेल.

मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. काही कमीजास्त बोलले असेन, तर पोटात घाला. घाबरलेय हो मी. आणि या खेपेला कारण मला ठाऊक आहे.