तडकलेला मॉनिटर आणि पेणची परात

…आणि तरी आमचे हे म्हणतात, फेकून दे! अहो, फेकून काय दे? कॉम्प्युटरचा मॉनिटर आहे तो, काकडीची साल आहे का? काचेला तडा आहे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, कबूल. पण बटण दाबलं की उजेड येतो, हिरवी अक्षरं येतात, फक्त मधोमध चिरलेली येतात… तडा गेलाय, जीव नाही गेला!

कसा गेला म्हणाल, तर सांगते, लपवायचं काय त्यात? शुक्रवारची संध्याकाळ. मी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून बराखा, दिव्यांची प्रार्थना, म्हटली, हात काढते तर समोर काय? आमच्या लेकीचा, पाझितचा कॉम्प्युटर चालूच! एक हिरवा ठिपका, लुकलुक लुकलुक… शब्बाथ लागला, आमचा विसाव्याचा पवित्र दिवस, उद्या संध्याकाळपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही. किद्दुशला, द्राक्षरसावरच्या प्रार्थनेला, माणसं येणार, आणि माझ्या दोन दिव्यांशेजारी हा तिसरा डोळा मिचकावतोय! मग मी काय केलं… मलिद्याची पितळी परात आणली. माझ्या सासूबाईंची, पेणहून बॉम्बेला आलेली, बॉम्बेहून इथं इस्राएलात, लोदला. ठेवली उभी, मॉनिटरला टेकवून. ठिपका गडप! किद्दुश कसा छान झाला म्हणता! फक्त शेजारच्या जूडिथमावशीनं "आमेन!" म्हणताना टेबलावर जी थाप मारली… परात पुढं झुकली, मागं गेली, आणि खळ्ळकन!

पाझितचा चेहरा बघवेना. पुढल्या रविवारी, इथं रविवारी शाळा असते, तिला शाळेत प्रोजेक्ट दाखवायचं होतं, कॉम्प्युटरच्या शाळेत हो, नाही दाखवलं तर अख्खं वर्ष वाया! मी म्हटलं, "बाय माझी, दुरुस्त करू." तर ती म्हणते, "इमा, दाय!" इमा म्हणजे आई, दाय म्हणजे पुरे. मी मराठीत समजावते, ती हिब्रूत फटकारते.

आणि आमचे हे, मेयर? सोफ्यावरून हुकूम. "नवीन आणू. आणि ती परातसुद्धा काढ घराबाहेर, खरी गुन्हेगार तीच."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं! म्हटलं, "पेण सोडलं तेव्हा पाटा टाकला, बॉम्बे सोडलं तेव्हा शिलाईचं मशीन टाकलं, पाळणा टाकला, कुंडीतली तुळसदेखील शेजारणीला दिली. आता मी काही टाकणार नाही! मलापण गुडघ्यात तडा गेलाय, मला कुठं ठेवून येणार?"

मी तशीच उभी राहून नवस बोलले. हे एलियाहू हन्नाबी, नवसाला पावणाऱ्या प्रेषिता, माझी लेक पास होऊ दे, हाच मॉनिटर दुरुस्त होऊ दे, तुझ्या नावानं मलिदा करीन. हाच, असं दोनदा म्हटलं, तिथं घोटाळा नको.

रविवारी सकाळी डेव्हिड रिपेरवाला आला. हा बॉम्बेला रेडिओ उघडायचा, आता इथं जे मिळेल ते उघडतो. डोळा बारीक करून म्हणतो, "अबिगेलबाय, नशीब थोर. आतली नळी फुटली असती तर घर हादरलं असतं. ही वरची काच तडकलीय. पण ही सुटी मिळत नाही. नवीनच घ्या."

"तूही त्यांच्याच पार्टीत?" मी म्हटलं. "तुझ्या शेडमध्ये असला एखादा मेलेला मॉनिटर नाही? मेल्याची काच जित्याला लाव! तडा गेलाय, जीव नाही गेला!"

डेव्हिड हसला, डोकं खाजवलं, मॉनिटर काखेत मारून गेला. सोमवार, मंगळवार, बुधवार… पाझित माझ्याशी बोलेना. मी रोज म्हणायची, येईल, येईल. आणि तुम्हाला सांगते, शुक्रवारी दुपारी आला! काच लखलखीत. मी त्याला चहा ठेवते तोच दारात आमचे मेयर, घामाघूम, मोठा खोका घेऊन. नवा मॉनिटर!

"अहो, हे काय?"

"मीपण नवस बोललो होतो," खाली मान घालून म्हणतात. "नवा मिळू दे, मलिदा करीन."

घ्या! एलियाहू हन्नाबीनं दोघांचंही ऐकलं, आता कोण कोणाला बोलणार? पाझित कित्येक दिवसांनी खळखळून हसली. नवा तिनं लावला, आणि मोकळ्या पडलेल्या जुन्याला जोडायला तिची मैत्रीण रिना आली, आपला कॉम्प्युटर उचलून, कारण तिच्या घरी तो टीव्हीला जोडावा लागतो आणि तिचा बाप बातम्या सोडत नाही. दोघी बसल्या शेजारी शेजारी, दणादण टायपिंग. संध्याकाळ झाली, प्रोजेक्ट झालं, दोघी नाचत शब्बाथच्या अंघोळीला पळाल्या.

मी दिवे लावले. डोळ्यांवर हात धरला. बराखा म्हटली. हात काढते तर…

एक इकडे लुकलुक. एक तिकडे लुकलुक.

आता मलिदे दोन करीन हो, नवसाला ना नाही माझी. पण परात घरात एकच!